प्रयोग संपल्यावरचा सोमवार



  वाहतुकीवर आपल्याकडं संशोधन होतं, प्रबंध लिहिले जातात, अहवाल सादर होतात. मग त्यातलं इतकं थोडं रस्त्यावर का उतरतं? आणि जे उतरतं, ते कुणामुळं उतरतं? आज मला एवढ्याच दोन प्रश्नांवर बोलायचं आहे.

आपण मराठी मंडळी बंगळुरात बसलो आहोत, तरी सुरुवात पुण्यापासून करतो. १९३५ साली गोखले अर्थशास्त्र संस्थेनं एक पाहणी प्रसिद्ध केली. मुंबई इलाख्यातल्या सहा जिल्ह्यांत मोटार-बसची वाहतूक कशी चालते, हा तिचा विषय. लेखक होते धनंजयराव गाडगीळ आणि त्यांचे सहकारी गोगटे. सहकार आणि नियोजन म्हटलं की गाडगिळांचं नाव आपल्या तोंडी येतं. पण त्यांनी त्या काळच्या खासगी बसगाड्यांचाही अभ्यास केला होता, हे फारसं कुणी सांगत नाही. पुढं १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर पहिली एसटी धावली. त्या पाहणीमुळंच एसटी आली, असा दावा मी करणार नाही. मला महत्त्वाचं वाटतं ते हे, की सरकारनं बस चालवायला घेण्याच्या तेरा वर्षं आधी आपल्याकडच्या एका मोठ्या अर्थशास्त्रज्ञाला बसचा धंदा हा अभ्यासाचा विषय वाटला. ती परंपरा आपली आहे.

आता बंगळूर. इथं १९०९ पासून भारतीय विज्ञान संस्था आहे. इथले जुने रिक्षावाले आजही तिला टाटा इन्स्टिट्यूट म्हणतात. तिथं २००९ साली वाहतूक आणि नगररचनेसाठी ‘सिस्टप’ नावाचं स्वतंत्र केंद्र सुरू झालं. राज्य सरकारच्या नगरविकास खात्याकडं त्याच्याही आधीपासून, २००७ पासून, नागरी भू-वाहतूक संचालनालय आहे. फक्त शहरी वाहतुकीचाच विचार करणारं असं संचालनालय आपल्या देशात फार राज्यांकडं नाही. अभियंते, संगणकतज्ज्ञ, नकाशातज्ज्ञ तर इथं गल्लोगल्ली. आणि याच शहराच्या मध्यभागात, टॉमटॉम या नकाशा-कंपनीच्या मोजणीनुसार, २०२२ साली १० किलोमीटर जायला सरासरी २९ मिनिटं १० सेकंद लागत होते. जगभरातल्या शहरांच्या त्या यादीत लंडनखालोखाल आपलाच नंबर होता.

म्हणजे ज्ञानाची वाण नाही. माणसांची नाही. पैशांचीही नाही. मग अडतं कुठं?

माझं उत्तर असं आहे. संशोधन प्रयोगशाळेत मरत नाही आणि रस्त्यावरही मरत नाही. ते मधल्या टप्प्यात मरतं. प्रयोग यशस्वी झाला, फोटो निघाले, अहवाल बाहेर आला. आणि त्यानंतरच्या सोमवारी ते काम कुणाच्या टेबलावर आहे, हे कुणालाच माहीत नसतं. जिथं ते टेबल ठरलेलं होतं, तिथं काम टिकलं. हे मी तुम्हाला उदाहरणांनी दाखवतो.

पहिलं उदाहरण याच शहरातलं आहे, आणि त्यावर मी जरा रेंगाळणार आहे.

अहमद खान आणि रसूल खान हे बंगळूरचे दोन भाऊ. प्लास्टिकच्या पिशव्या आणि पोती बनवणं हा त्यांचा धंदा. नव्वदच्या दशकात प्लास्टिकच्या कचऱ्याविरुद्ध लोकांचा राग वाढायला लागला, तेव्हा आपल्याच मालाचं पुढं काय होतं, हा प्रश्न अहमद खानांना पडला. प्लास्टिक आणि डांबर दोन्ही पेट्रोलियमचीच लेकरं. मग टाकाऊ प्लास्टिक डांबरात घातलं तर? कल्पना बरोबर होती, पण रस्त्याच्या कामात कल्पनेला किंमत नसते. ठेकेदार म्हणतो, दरसूचीत नाही. कनिष्ठ अभियंता म्हणतो, निविदेत नाही. कार्यकारी अभियंता विचारतो, उद्या रस्ता उखडला तर सही कुणाची?

अहमद खान थेट मंत्र्यांकडं जाऊन थांबले नाहीत. ते बंगळूर विद्यापीठात गेले. या सभागृहात जे स्थापत्य अभियंते असतील, मग ते पुण्यात शिकलेले असोत, सांगलीत की नागपुरात, त्यांनी ‘खन्ना आणि जस्टो’ हे महामार्ग अभियांत्रिकीचं पाठ्यपुस्तक उशाशी घेऊन परीक्षा दिल्या आहेत. त्यातले सी. ई. जी. जस्टो बंगळूर विद्यापीठात प्राध्यापक होते. त्यांनी आणि ए. वीरराघवन यांनी या प्लास्टिकमिश्रित डांबरी मालाच्या चाचण्या घेतल्या. डांबराच्या वजनाच्या ८ टक्के प्लास्टिक घातलं, तर दाब सोसण्याची ताकद साध्या मिश्रणापेक्षा दुपटी-तिपटीनं वाढते, असं त्यांना आढळलं. २००२ च्या आसपासची ही गोष्ट. त्यानंतर महापालिकेच्या रस्त्यांवर हा माल पडू लागला.

चाचणी कशासाठी लागते, तेही सांगतो, कारण ‘त्यात काय, प्लास्टिक वितळवून ओतायचं’ असं म्हणणारे बरेच भेटतात. आज रूढ असलेल्या कोरड्या पद्धतीत खडी आधी १६०-१७० अंशांपर्यंत तापवतात. त्या तापलेल्या खडीवर प्लास्टिकचा बारीक चुरा टाकतात. तो वितळून प्रत्येक खड्यावर पातळ थर चढवतो, आणि मग त्यावर डांबर येतं. असा थर बसलेल्या खडीला पाणी सहजासहजी सुटं करू शकत नाही. पण तापमान हाताबाहेर गेलं तर प्लास्टिक जळतं आणि विषारी धूर निघतो. पीव्हीसी तर चालतच नाही, कारण त्यात क्लोरीन असतं. म्हणजे कचऱ्यातून कुठलं प्लास्टिक उचलायचं आणि कुठलं बाजूला काढायचं, हे कचरा वेचणाऱ्या बाईला कळलं पाहिजे. आणि किती तापवायचं, हे हॉट मिक्स प्लांटवरच्या कामगाराला. विद्यापीठातलं ज्ञान या दोघांपर्यंत पोहोचलं नाही, तर रस्ता होत नाही.

याच काळात तिकडं मदुराईत थियागराजर अभियांत्रिकी कॉलेजचे रसायनशास्त्राचे प्राध्यापक आर. वासुदेवन हेच काम करत होते. पुढं २०१८ साली त्यांना पद्मश्री मिळाली. आता तारखा बघा. २००२ च्या सुमारास चाचण्या. २०१३ साली इंडियन रोड्स काँग्रेसनं टाकाऊ प्लास्टिकच्या वापराची मार्गदर्शक तत्त्वं छापली. २०१५ च्या नोव्हेंबरात केंद्र सरकारनं पाच लाखांहून जास्त वस्तीच्या शहरांभोवती ५० किलोमीटरच्या पट्ट्यात, रस्त्याच्या नूतनीकरणात प्लास्टिक वापरणं हीच नेहमीची रीत ठरवली. तेरा वर्षं! पण ज्या दिवशी ती तत्त्वं छापून आली, त्या दिवशी कार्यकारी अभियंत्याच्या प्रश्नाला उत्तर मिळालं. सहीची जबाबदारी आता एकट्या माणसाची राहिली नाही. कारखानदार, प्राध्यापक, महापालिका आणि मानकं ठरवणारी संस्था, या चौघांतलं एक जरी गळालं असतं, तर ते प्लास्टिक आज कचऱ्याच्या डोंगरावरच असतं.

कुणी म्हणेल, मग बंगळूरच्या रस्त्यांवर खड्डे का? प्रश्न रास्त आहे. प्लास्टिक वरच्या थरात असतं. खालून पाणी मुरलं, गटार तुंबलं, पाण्याच्या पाइपासाठी आज आणि केबलसाठी उद्या रस्ता खोदला, तर वरचा थर काय करणार? त्यावरही याच शहरात एक उत्तर निघालं. जना अर्बन स्पेस या संस्थेनं रस्त्याखालच्या सगळ्या वाहिन्या, पदपथ, पावसाचं पाणी, सगळ्याचा एकत्र विचार केला आणि तो विचार थेट निविदेच्या कागदपत्रात लिहून दिला. त्याचं नाव टेंडरशुअर. रेसिडेन्सी रोड, रिचमंड रोड, कनिंगहॅम रोड, म्युझियम रोड अशा मध्यवर्ती रस्त्यांवर ते पहिल्यांदा झालं. महाग पडलं, वेळ लागला, टीकाही झाली. पण आज त्या पदपथांवरून म्हातारी माणसं निर्धास्त चालतात. अहवालात लिहिलेलं वाक्य वाचलं जातं. निविदेत लिहिलेलं वाक्य बांधलं जातं. हा फरक संशोधकांनी लवकर ओळखावा, असं मला मनापासून वाटतं.

आता दुसरा मुद्दा, आणि तो दुखरा आहे. प्रयोग यशस्वी होऊनही मरतो, तो कसा?

बाहेरचा वर्तुळाकार रस्ता तुम्हा सगळ्यांच्या परिचयाचा आहे. सिल्क बोर्ड ते के. आर. पुरम. बेळ्ळंदूर, कडुबीसनहळ्ळी, मारतहळ्ळी. २०१९ च्या ऑक्टोबरात या रस्त्यावर बससाठी राखीव मार्गिका सुरू झाली. वाहतूक संचालनालय, शहराची बससेवा चालवणारी बीएमटीसी, वाहतूक पोलीस आणि महापालिका एकत्र आले. डावीकडच्या भागात खांब रोवून एक पट्टा फक्त बस आणि रुग्णवाहिकांसाठी ठेवला.

त्यामागचं गणित साधं आहे. मोटारींनी भरलेल्या एका मार्गिकेतून तासाला साधारण ६०० ते १,६०० माणसं जातात. तोच पट्टा सतत धावणाऱ्या बसना दिला, तर तासाला ४,००० ते ८,००० माणसं जाऊ शकतात. रस्ता तेवढाच, रुंदी तेवढीच. संध्याकाळी सातला मारतहळ्ळीच्या पुलाजवळ ते गणित डोळ्यांनी दिसायचं. उजवीकडं मोटारी थबकलेल्या आणि डावीकडून बीएमटीसीची बस, दाराशी उभ्या असलेल्या कंडक्टरसकट, सुरळीत पुढं जात असलेली. वर्षानुवर्षं फळ्यावर शिकवलेली गोष्ट लोकांनी खिडकीतून पाहिली.

आणि मग? २०२० च्या मार्चमध्ये टाळेबंदी आली. कंपन्या घरून चालू लागल्या. पाठोपाठ त्याच रस्त्यावर मेट्रोचं काम सुरू झालं आणि खांब निघाले. मेट्रो हवीच होती. तिच्याबद्दल माझी तक्रार नाही. माझी तक्रार अशी, की मेट्रोचे खांब उभे राहत असताना बसची मार्गिका कशी टिकवायची, आणि ती काढलीच तर परत कधी लावायची, याचं लेखी उत्तर कुणाकडं होतं? ज्या वर्षांत मेट्रो बांधली जाते, त्याच वर्षांत बस सर्वांत जास्त लागते, कारण रस्ता तेव्हा सर्वांत अरुंद असतो. पुण्यानं २००६ साली स्वारगेटहून कात्रज आणि हडपसरच्या बाजूला बीआरटीचा, म्हणजे राखीव बसमार्गाचा, प्रयोग केला होता. तिथंही मार्गिका सुरू झाली. पण ती रोज राखायची कुणी, हे पक्कं नव्हतं. तेरा वर्षांचं अंतर, साडेआठशे किलोमीटरचं अंतर, आणि दुखणं एकच.

चर्च स्ट्रीटचंही तेच. ग्रॅनाइटची फरसबंदी झालेला हा रस्ता २०१८ साली नव्या रूपात खुला झाला. २०२० च्या नोव्हेंबरापासून २०२१ च्या फेब्रुवारीअखेरपर्यंत शनिवार-रविवारी तो वाहनांना बंद होता. विज्ञान संस्थेनं हवेची मोजणी केली, माणसांची मोजणी केली, दुकानदारांना विचारलं. ब्रिटनमधल्या संस्थांचाही त्यात सहभाग होता. ज्यांनी त्या चार महिन्यांत तिथल्या पुस्तकांच्या दुकानांतून बाहेर पडून रस्त्याच्या मधोमध उभं राहून गप्पा मारल्या, त्यांना अहवालाची गरज नव्हती. फेब्रुवारी संपला. सोमवार उजाडला. शनिवार-रविवारीही गाड्या परत आल्या.

मित्रहो, मोजणी झाली होती. पण मोजणीचा आकडा कितीवर आला तर रस्ता कायमचा बंद ठेवायचा, हे प्रयोगाआधी ठरलेलं नव्हतं. डॉक्टर रक्त तपासतात ते पुढचं औषध ठरवायला; नुसता रिपोर्ट फायलीत लावून ठेवायला नाही. रस्त्यावरच्या प्रयोगाचंही असंच असायला हवं. अमुक आकडा आला तर अमुक निर्णय, आणि तो घेणारा अमुक अधिकारी, हे पहिल्या दिवसाआधी कागदावर यायला हवं. हे नसेल तर संशोधकानं त्या प्रयोगाला आपलं नाव देऊ नये, इतकं माझं स्पष्ट मत आहे.

तिसरा मुद्दा, टेबलाभोवती कोण बसतं त्याचा.

आपल्या वाहतुकीची बरीच सूत्रं आली परदेशातून. तिथं वाहनं मार्गिकेत चालतात, एकामागं एक. आपल्याकडं बस, रिक्षा, स्कूटर, हातगाडी आणि अधूनमधून गाय, सगळे जागा मिळेल तिथून जातात. परदेशी सिग्नल-यंत्रणा या गर्दीसमोर गोंधळते. म्हणून पुण्यात मुख्यालय असलेल्या सी-डॅक या सरकारी संगणक-संशोधन संस्थेच्या तिरुवनंतपुरम केंद्रानं ‘कोसिकॉस्ट’ नावाची सिग्नलची पद्धत खास आपल्या मिश्र वाहतुकीसाठी घडवली. २०२४ पासून बंगळूरच्या चौकांत ती बसवली जाऊ लागली. लक्ष्य होतं १६५ चौकांचं. वाहनं कमी-जास्त होतील तसा हिरव्या दिव्याचा वेळ ती बदलते. पण चौकातला पोलीस शिपाई रोज ऊन-पावसात उभा असतो. कुठल्या शाळेच्या सुट्टीला कुठली बाजू तुंबते, हे त्याला तोंडपाठ. त्याचं ज्ञान त्या यंत्रणेत घालायची सोय ठेवली, तरच त्याचा तिच्यावर विश्वास बसेल. विश्वास नसेल, तर तो बटण हातात घेतो आणि संशोधन संपतं.

चालकाला टेबलाशी बसवलं की काय होतं, तेही इथंच दिसलं. २०२२ च्या नोव्हेंबरात ‘नम्म यात्री’ हे रिक्षा बोलावण्याचं ॲप आलं. जसपे या कंपनीचे अभियंते आणि रिक्षाचालकांची संघटना एआरडीयू यांनी मिळून ते उभं केलं. फेरीमागं कमिशन नाही. पुढं चालकाकडून दिवसाला २५ रुपयांसारखं ठरावीक शुल्क घ्यायची पद्धत आली. त्याचा कोडही सगळ्यांसाठी खुला ठेवला. बाकीची ॲप चालकासाठी बनवली जात होती. हे चालकाबरोबर बसून बनलं. म्हणून हजारो चालकांनी ते आपलं मानलं.

आणि महाराष्ट्रातलं एक उदाहरण सांगितल्याशिवाय मला पुढं जाववत नाही. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग. २०१६ साली त्यावर १५१ माणसं अपघातात गेली. त्या वर्षी रस्ता सुरक्षेसाठी काम करणारं सेव्हलाइफ फाउंडेशन, राज्याचं रस्ते विकास महामंडळ म्हणजे एमएसआरडीसी, महामार्ग पोलीस आणि महिंद्र कंपनी यांनी मिळून मृत्यू शून्यावर आणायचं काम हाती घेतलं. त्यांनी काय केलं? अपघात झाला की जागेवर जाऊन तपासलं, माणूस नेमका कशानं गेला. चूक कुणाची, हा पोलिसांचा प्रश्न. जीव कशानं गेला, हा अभियंत्याचा प्रश्न. कुठं कठड्याचं उघडं टोक गाडीत घुसलेलं असायचं, कुठं कडेला उभ्या ट्रकवर मागून गाडी आदळलेली, कुठं रुग्णवाहिका उशिरा आलेली. टोकं झाकली, उभ्या ट्रकांवर कारवाई झाली, उपचार लवकर मिळतील असं पाहिलं. पुढच्या काही वर्षांत मृत्यू निम्म्याहून खाली आले. इथं प्रयोग संपल्यावरचा सोमवार कुणाचा, हा प्रश्न उरला नाही. रस्ता एमएसआरडीसीचा होता आणि ती पहिल्या दिवसापासून टेबलाशी होती. वाचलेल्या माणसांची नावं कुणालाच कळणार नाहीत. त्यांतले काही कदाचित आपले नातेवाईक असतील. सुट्टीत तुम्ही मंडळी त्याच रस्त्यानं तर घरी जाता.

आता पुढं काय? २०२२ च्या डिसेंबरात कर्नाटक विधिमंडळानं बंगळूर महानगर भू-वाहतूक प्राधिकरणाचा कायदा मंजूर केला. बस, मेट्रो, उपनगरी रेल्वे, रस्ते, पोलीस, सगळ्यांना एका छत्राखाली आणायचा हेतू त्यामागं आहे. मुख्यमंत्री त्याचे अध्यक्ष. २०२५ साली जुन्या महापालिकेच्या जागी पाच महापालिका आल्या. म्हणजे एकच बस आता पाच हद्दींतून धावणार. त्यामुळं या प्राधिकरणाची गरज पाचपट वाढली आहे. मी ज्या टेबलाबद्दल इतका वेळ बोलतो आहे, ते टेबल कायद्यानं मांडून ठेवलं आहे. त्यावर काम आणून ठेवणं आणि ते उचललं जातं का हे पाहणं, हे मात्र कायदा करत नाही. ते नागरिकांनी करायचं असतं.

म्हणून या सभागृहाकडं माझं मागणं आहे. तुमच्यात निवृत्त अभियंते आहेत. बीएमटीसीनं रोज ये-जा करणारे आहेत. कंपन्यांत आकड्यांचं काम करणारी तरुण मंडळी आहेत. वाहतुकीवर प्रबंध लिहिणाऱ्या मुलामुलींनी आपला निम्मा वेळ डेपोत काढावा. सकाळी पाचला ड्यूटी चार्ट लागतो तेव्हा तिथं उभं राहावं, वाहकाला विचारावं, फेरी कुठं चुकते. निवृत्त अभियंत्यांनी आपल्या प्रभागातल्या रस्त्याची निविदा माहितीच्या अधिकारात मागवून वाचावी. ती वाचायला तुम्हाला शिकवावं लागत नाही. आणि पुढच्या वेळी या शहरात एखाद्या प्रयोगाची घोषणा झाली, की टाळ्या वाजवण्याआधी प्राधिकरणाला कन्नडमध्ये एक पत्र लिहा. कन्नड आपण इतकी वर्षं बोलतो आहोत, लिहूही. त्या पत्रात विचारा: हा प्रयोग ज्या दिवशी संपेल, त्याच्या दुसऱ्या दिवशी तो कुठल्या अधिकाऱ्याकडं असेल, आणि त्यासाठी किती पैसे राखून ठेवले आहेत? उत्तर येईपर्यंत दर महिन्याला तेच पत्र पुन्हा पाठवत राहा.